एका खुर्चीवरून तीन यंत्रं

२ जानेवारी, गुरुवार

या शेडमध्ये मी स्वतःच्या हातांनी बनवलेल्या वस्तू:

लाकूड कोरणारी तीन यंत्रं. चौकटी, सरकते गाडे, वायरिंग, कंट्रोलच्या पेट्या, सगळं. भुसा ओढणारा पंखा, जुन्या कूलरच्या मोटरवर. शेडच्या छताखालच्या लोखंडी कैच्या, वेल्डिंग माझं, पत्रे तेवढे विकतचे. अर्थिंगचा खड्डा, मीठ-कोळसा घालून. कामाचं टेबल, ज्यावर गोटी ठेवली तर जागची हलत नाही. दारावरची पाटी: न. वि. बारबोले, माले, ता. मुळशी.

कोरलेल्या अक्षरांत रंग भरायचं काम माझी बायको आशा करते. ते बनवण्यात धरलेलं नाही.

यादी करावीशी वाटली, कारण विश्राम परवा काम सोडून गेला. नऊ वर्षं होता. आला तेव्हा त्याला माउस धरता येत नव्हता. उंदीर धरावा तसा चिमटीत धरायचा. आता पिरंगुटच्या एका कंपनीत लागला. तिथे पीएफ आहे, न्यायला बस येते. जाताना पाया पडला. मी म्हणालो, असू दे. माणूस गेला, यंत्रं कुठे गेलीत? आणि यंत्रं माझी आहेत. बार्शीहून आलो तेव्हा माझ्याकडे आयटीआयचा कागदसुद्धा नव्हता. कारखान्यात मेंटेनन्सला असताना जर्मन पुस्तकांतली नुसती चित्रं बघून शिकलो. भाषा येत नव्हती, पण चित्र खोटं बोलत नाही.

आता अडचण. बावधनला नवी इमारत झाली आहे, दोनशे सोळा फ्लॅट. प्रत्येक दारावर सागवानी पाटी, ते काम माझ्याकडे आहे. वसंत पंचमीला, दोन फेब्रुवारीला, सगळ्यांना एकदम किल्ल्या देणार आहेत. त्या दिवशी दारांवर पाट्या पाहिजेत. काम देणारा कौस्तुभ तिथल्या फर्निचर कंपनीचा मालक, वय पस्तिशीचं. वर्षभर माझ्या मागे लागला आहे की यंत्रं आमच्या कारखान्यात आणा, तुम्ही पगारावर या. मी हसून सोडून देतो. पण हे काम वेळेत झालं नाही तर हसायचं कारण राहणार नाही. दुसरं काम हातात नाही. यंत्रं त्यालाच द्यावी लागतील.

तीन यंत्रं, तीन संगणक, तीन ठिकाणी. मी एक.


४ जानेवारी, शनिवार

पुण्याला जाऊन आलो. पासोड्या विठोबापाशी ओळखीच्या दुकानातून स्विच आणला. याला केव्हीएम म्हणतात. काम सोपं आहे: एक कळफलक, एक माउस, एक पडदा, आणि संगणक चारपर्यंत. बटण दाबलं की हातातला कळफलक त्या त्या संगणकाचा होतो. म्हणजे मी टेबलाशी बसून तिन्ही यंत्रं चालवू शकतो. आशाने फक्त कोरलेला पाट उतरवायचा, नवा कोरा पाट बांधायचा, भुसा झाडायचा. त्याला डोकं लागत नाही.

दुकानदार म्हणाला, बसवायला पोरगा पाठवू का. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

संध्याकाळी तिन्ही संगणक साफ केले. विश्रामने प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळं चित्र लावून ठेवलं होतं. पहिल्यावर जेजुरीचा खंडोबा, दुसऱ्यावर त्याची मुलगी जुईली शाळेच्या गणवेशात, तिसऱ्यावर मालेच्या ओढ्याकाठची भातखाचरं. यंत्रांना नावंही त्याचीच: थोरली, मधली, धाकटी. मी कितीदा सांगितलं की यंत्र क्रमांक एक, दोन, तीन म्हणायचं. गिऱ्हाईक आलं तर काय म्हणेल, इथे यंत्रं आहेत की सुना? चित्रं पुसली. तिन्ही पडदे सारखे निळे केले, तिन्हींवर खिडक्या त्याच जागी, अक्षरं त्याच मापाची. बटण बदललं तरी डोळ्याला फरक कळत नाही इतकं जुळवलं. असं काम बघायला बरं वाटतं.


७ जानेवारी, मंगळवार

होत नाही.

एका संगणकावरून दुसऱ्यावर गेलं की मागचा बोंबलतो, कळफलक सापडत नाही म्हणून. कसंबसं ते मिटवलं तर नवीनच. यंत्राची मोटर सुरू झाली की स्विच बावचळतो. माउस मेल्यासारखा पडतो. तीन दिवसांत सात पाट वाया गेले, सागाचे. एका पाटीवर 'ऋतिका आणि अनिमेष' पर्यंत कोरून यंत्र तसंच उभं राहिलं, आडनाव आलंच नाही. आशा म्हणाली, ती पाटी फेकू नका, मला आवडली.

हल्ली सगळ्यांना दारावर दोघांची नावं पाहिजेत. दोनशे सोळांत एकट्या पुरुषाच्या नावाच्या बोटावर मोजण्याइतक्या. बाईचं नाव आधी पाहिजे म्हणून दोघांनी फोन केले. माझं काही म्हणणं नाही. पण जागा तेवढीच, अक्षरं दुप्पट, म्हणजे कोरायला वेळ दुप्पट.

जेवण गेलं नाही.


८ जानेवारी, बुधवार

पुन्हा तेच. आज रागात कळफलक टेबलावर आपटला. दोन कळा उडाल्या. आशाने भुशातून शोधून आणून दिल्या. मला वाटतं तिलाही माझ्याबरोबर काळजी लागली आहे. म्हणत होती, विश्रामला एक फोन करा ना. मी म्हणालो, त्याला या स्विचमधलं काय कळतं? ती म्हणाली, स्विचमधलं नाही हो.

मग कशातलं, ते तिने सांगितलं नाही, आणि मला विचारायला वेळ नव्हता.


१० जानेवारी, शुक्रवार

जमलं.

दोष मोटरच्या वायरीत होता. तिच्यातून निघणारी विजेची खरखर शेजारून जाणाऱ्या कळफलकाच्या वायरीत शिरत होती. दोन्ही वायरींचे रस्ते वेगळे केले, मध्ये हात-दीड हात अंतर ठेवलं, प्रत्येक वायरीवर लोखंडी कडी चढवली, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. दिवसभर एकही चूक नाही. हे मला कोणी सांगितलेलं नाही, पुस्तकात वाचलेलं नाही. वायरीला हात लावून, एकेक बंद करून, आठवून आठवून काढलं.

तिन्ही यंत्रं एकदम चालू असताना मी खुर्चीत बसलो होतो. पायावर पाय टाकून. हे लिहून ठेवतो.


१२ जानेवारी, रविवार

थांबवायची लाल बटणं प्रत्येक यंत्राच्या अंगावर होती. त्यासाठी दर वेळी उठायला लागायचं. तिन्ही काढून टेबलावर आणली, एका पट्टीवर ओळीने बसवली. १, २, ३. आता खुर्चीतून उठायचं कामच नाही.

इन्व्हर्टरला चार सॉकेट आहेत. तीन संगणक आणि पडदा त्यावर. स्विचचा अडॅप्टर मोबाइलच्या चार्जरएवढा, तो भिंतीच्या प्लगला लावला.

आशा बटणं बघून म्हणाली, "आणि मला थांबवायचं झालं तर?"

मी म्हणालो, मला हाक मार. मी इथेच तर आहे.


१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

विश्राम तिळगूळ घेऊन आला. आशाला बरं वाटलं. कंपनीतल्या गमती सांगत होता: तिथे लघवीला जायचं तरी कार्ड टेकवायला लागतं, जेवणाच्या सुट्टीत सगळे मान खाली घालून मोबाइल बघतात, मीठ मागितलं तरी कोणाला ऐकू जात नाही. आशा खूप दिवसांनी हसली.

मग मी त्याला स्विच दाखवला. बसल्या जागेवरून एक सुरू केलं, दुसरं थांबवलं, तिसऱ्याला नवी पाटी दिली. मला वाटलं होतं तोंडात बोट घालील. तो पडद्याकडे बघतच नव्हता, पाट बांधणाऱ्या आशाकडे बघत होता.

म्हणाला, "शेठ, फोटू पुसलं व्हय?"

मी म्हणालो, पडदा काय देवघर आहे?

"शोभंसाठी न्हवतं लावलं. खंडोबा दिसला की कळायचं, आपण थोरलीवर हाय."

मी त्याला आकडा दाखवला. स्विचवर बारीक दिवा लागतो, एक, दोन किंवा तीनपाशी. बघणाऱ्याला कळतं.

"आन बघनारा बघायचा ऱ्हायला म्हंजी?" मग म्हणाला, "मशीनपाशी जो हुबा, बटन त्यानंच दाबायचं. तुमीच शिकवलंय मला. पैल्या दिवशी. तवा कानफाट पन वाजवली हुती."

खरं आहे, वाजवली होती. तो नियम माझाच. पण ज्याने केला त्याला बदलता येतो, असं मी त्याला सांगितलं.

आशा आत चहा ठेवायला गेल्यावर त्याने एक प्रस्ताव मांडला. लिहिण्यासारखा नाही. मी नाही म्हणालो, आणि ज्या शब्दांत म्हणालो तेही लिहिण्यासारखे नाहीत. चहा न घेताच गेला. आशाने विचारलं काय झालं. म्हणालो, घाई होती त्याला.


१७ जानेवारी, शुक्रवार

निम्म्याच्या वर पाट्या कोरून झाल्या. या वेगाने महिनाअखेरीला रंगासकट तयार. हे मी केलं, एकट्याने.

कौस्तुभ येऊन गेला. बरोबर त्याच्या ऑफिसातली ऋतिका नावाची मुलगी होती, जिची आडनावाशिवायची पाटी आशाने ठेवून घेतली आहे तीच. स्वतःचं घर त्याच इमारतीत घेतलं आहे. कौस्तुभने माझा खुर्चीत बसलेला व्हिडिओ काढला, तिन्ही यंत्रं मागे दिसतील असा. म्हणाला, "काका, हा सेटअप आमच्या इंजिनियरना जमला नसता." मी म्हणालो, जमेल कसा, त्यांना चित्रं वाचता येत नाहीत.

त्या मुलीचं लक्ष पाट्यांकडे होतं. एक उचलून उजेडात धरली. अक्षरांच्या कडा कुठेही ओघळलेल्या नाहीत, कुणी रंगवलंय, असं विचारत होती. मी म्हणालो, घरचंच आहे ते. ती आशाकडे गेली आणि बराच वेळ तिच्याशी बोलत बसली. काय बोलल्या माहीत नाही. आशा तिला ब्रश कसा फिरवायचा ते दाखवत होती. मनगट टेकवायचं, बोटं सैल सोडायची.

कौस्तुभने पुन्हा यंत्रांचं विचारलं. मी पुन्हा हसलो.


१९ जानेवारी, रविवार

दुपारी दोनदा वीज गेली. एक बारकावा ध्यानात आला. वीज जाऊन आली की स्विच आपोआप पहिल्या यंत्रावर जाऊन बसतो, आधी कुठेही असला तरी. मनात ठेवायचं. अडॅप्टर इन्व्हर्टरवर घ्यायला हवा. पाचवं सॉकेट काढावं लागेल. पाट्या झाल्या की करतो.


२३ जानेवारी, गुरुवार

काल लिहिलं नाही. आज लिहितो. जसं झालं तसंच लिहायचं, क्रमाने.

काल सकाळी सव्वाअकरा. दुसरं यंत्र बंद. पहिल्या यंत्राची पाटी कोरून झालेली, मी ते थांबवलं. तिसरं चालू, पाटी अर्ध्यावर. स्विच तीनवर. आशा पहिल्या यंत्रापाशी गेली. पाट उतरवला, नवा बांधला, कोरणीच्या टोकाला चिकटलेला भुसा ब्रशने काढायला लागली. तो काढायला मीच सांगितलं होतं, नाहीतर अक्षराची कड फाटते.

वीज गेली. दोन-तीन सेकंद. तिसऱ्याची मोटर थांबली. संगणक इन्व्हर्टरवर, ते चालूच. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत लागला. निळा. खिडक्या त्याच जागी. अक्षरं त्याच मापाची. वीज आली. अर्धी राहिलेली पाटी वाया जाऊ नये म्हणून मी सुरू करायची कळ दाबली. दिव्याकडे बघितलं नाही.

पहिलं यंत्र सुरू झालं.

ती ओरडली नाही. मी तसं का झालं याचा विचार करतोय. तिने "अहो" म्हटलं, रोज जेवायला हाक मारते तेवढ्याच आवाजात. मी लाल बटण दाबलं. तीन नंबरचं दाबलं. कारण माझ्या मनात मी तीनवर होतो. यंत्र थांबलं नाही. मग सगळ्या पट्टीवर हात मारला.

एक नंबरचं बटण यंत्राच्या अंगावर असतं तर तिच्या डाव्या हाताला लागलं असतं. मी आज मोजलं. अंतर वीतभर.

शेजारच्या कोंडाजींनी पिकअप काढली. म्हातारे सत्तरीचे, पण गाडी अशी हाणली की पौडपर्यंत कुठे ब्रेक लागल्याचं मला आठवत नाही. पौडला पट्टी बांधली आणि पुढे पाठवलं. चांदणी चौकाच्या अलीकडच्या हॉस्पिटलात संध्याकाळी ऑपरेशन झालं. उजवा हात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. बोटं आहेत. आतल्या शिरा तुटल्या होत्या, त्या जोडल्या. डॉक्टर म्हणाले, किती वळतील ते आता सांगता येणार नाही.

कोंडाजी हॉस्पिटलच्या पायरीवर बसले होते. मला म्हणाले, "बारबोले, तुमी काय यंत्रापाशी न्हवता व्हय?"

मी म्हणालो, तिथेच होतो.


२५ जानेवारी, शनिवार

तिला घरी आणलं. हात कोपरापर्यंत बांधलेला, उशीवर. डाव्या हाताने चहा पिते. माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

पाट्या बहुतेक कोरून आहेत, रंगवायच्या बाकी आहेत. जवळजवळ शंभर. दुपारी मी तिच्या जागेवर बसलो. ब्रश तिचाच घेतला. रंग तिनेच कालवून ठेवलेल्या डबीतला. पहिलं अक्षर 'आ'. कान्याच्या खाली रंग ओघळला. पुसला तर लाकडात मुरला. दुसऱ्या पाटीला मनगट टेकवलं, बोटं सैल सोडली. माझी बोटं सैल सुटत नाहीत. पाच पाट्या घालवल्या आणि उठलो.

मी अख्खं यंत्र बनवलेला माणूस आहे. एक 'आ' रंगवता येत नाही.

आशा दारातून बघत होती. म्हणाली, रंग घट्ट झालाय, दोन थेंब टर्पेंटाइन टाका. टाकले. तरी नाही.


२६ जानेवारी, रविवार

पुण्यातल्या दोन रंगाऱ्यांना फोन केले. एक म्हणाला, कोरलेल्या अक्षरात रंग भरायला हल्ली कोण बसतं काका, प्रिंट काढून चिकटवा. दुसऱ्याने फोन ठेवला.

स्विच सोडवायला घेतला. अर्ध्यावर ठेवला. तो सोडवला तर इतके दिवस मी काय करत होतो?


२७ जानेवारी, सोमवार

विश्रामकडे गेलो. घरी नव्हता. त्याची बायको म्हणाली, संध्याकाळी कंपनीतून आले की गिरणीवर असतात. गावाच्या खालच्या अंगाला भातगिरणी आहे. तो भात ओतत होता, अंगभर कोंडा. मला बघून मोटर बंद केली. मोटर बंद करायला तो यंत्रापाशी गेला, हे माझ्या लक्षात आलं.

आशाचं त्याला कळलं होतं. शनिवारी येऊन गेला होता म्हणे, मी औषधं आणायला गेलो होतो तेव्हा. तिने मला सांगितलं नव्हतं.

 मी पट्ट्याबद्दल बोललो, पट्टा ढिला आहे म्हणालो. तो म्हणाला, व्हय. मग मी म्हणालो, संक्रांतीला तू जे म्हणाला होतास, त्याचा मी विचार केला.

त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होता.

"शेठ, आता ते न्हाई जमायचं. चुलत्याची ही गिरनी. त्याला भागीदार पायजे हुता. तुमी न्हाई म्हनला, त्याच्या दुसऱ्या दिवशी हितं घातलं."

मी म्हणालो, बरं केलंस. दुसरं काय म्हणणार?

तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, रंगाला माणूस मिळतोय का बघतो, सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन पाट्या घासून देतो, पैसे नकोत. मग गिरणीच्या दाराकडे हात केला. दारावर कोरी फळी ठोकलेली होती.

"बोर्ड वैनींकडनं रंगवून घ्यायचा हुता. दोगांची नावं टाकायची हायेत. चुलत्याचं आन माझं." आणि मग, "असू द्या. हात बरा झाल्यावर. आमाला घाई न्हाई."

घरी येईपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.


२९ जानेवारी, बुधवार

कौस्तुभला फोन केला. मी केला, त्याने नाही. त्याला सगळं सांगितलं, स्विचचंही.  तो म्हणाला, काका, आधी काकूंची काळजी घ्या. पाट्या आमच्याकडे पाठवा, कमी पडतील त्या कोरून घेतो, रंगही जमेल तसा आम्ही करून घेतो. यंत्रांचं शनिवारी बघू.

चांगला मुलगा आहे. तो वाईट असता तर सोपं गेलं असतं.


१ फेब्रुवारी, शनिवार

टेंपो आला. तिन्ही यंत्रं गेली. चढवताना काय खोलायचं, काय खोलायचं नाही, ते मी त्यांच्या माणसांना सांगत होतो, ते माना डोलवत होते आणि आपल्या मनाने करत होते. धाकटीचा गाडा टेंपोच्या फळीला घासला. मी ओरडलो, "धाकटी जपून." कोणाला कळलं नाही मी काय म्हणालो ते. मलाही जरा वेळाने कळलं.

सोमवारपासून मी बावधनला पगारावर. हुद्दा सुपरवायझर. कार्ड टेकवायचं.

त्यांनी स्विच नेला नाही. प्रत्येक यंत्रापाशी माणूस आहे म्हणाले, आम्हाला गरज नाही.


२ फेब्रुवारी, रविवार. वसंत पंचमी

कौस्तुभने फोटो पाठवले. इमारतीला झेंडूच्या माळा, लिफ्टला तोरण, दारोदारी पाट्या. आशाने रंगवलेल्या आणि त्यांच्याकडे रंगवलेल्या फोटोतसुद्धा वेगळ्या कळतात. ऋतिकाच्या दारावर ती आडनाव नसलेलीच पाटी आहे. तिने आशाला फोन करून मागून घेतली, विश्रामने परवा नेऊन दिली, हे मला फोटो बघून कळलं. आशाने ती डाव्या हाताने रंगवली आहे. कधी रंगवली, ते मी विचारलं नाही. 'ऋतिका'मधला 'का' थोडा वाकडा आहे. ओघळ कुठेही नाही.

संध्याकाळी शेड झाडली. यंत्रांच्या पायांचे चौकोन फरशीवर तसेच आहेत, आत भुसा नाही. टेबल आहे, पंखा आहे, अर्थिंगचा खड्डा आहे. स्विच आहे. दारावरची पाटी काढून आत आणली.

आशा खुर्चीत बसली होती, त्याच खुर्चीत, दुसरी उरली नाही. बांधलेला हात छातीशी धरून. म्हणाली, "एक विचारू? संक्रांतीला विश्राम काय म्हणाला होता?"

मी म्हणालो, काही नाही, कामाचं बोलत होता.

"मी शनिवारी त्याला विचारलं. म्हणाला, शेठनाच विचारा. तुम्ही सांगितल्याशिवाय तो नाही सांगायचा."

मी झाडू घेतला आणि झाडलेली जागा पुन्हा झाडली. ती वाट बघून आत गेली. तिला सांगितलं नाही. इथे लिहितो.

विश्राम म्हणाला होता, कंपनी सोडतो आणि परत येतो, पण पगारावर नाही. थोरली आणि मधली तो बघणार, धाकटी मी, आशाने फक्त रंग करायचा, तिने यंत्राला हात लावायचा नाही. स्विच काढायचा. आणि दारावर नवी पाटी लावायची, तीन नावांची: माझं, आशाचं, त्याचं. त्याबद्दल त्याची उचललेली भिशी तो शेडमध्ये घालणार होता. सगळी. पिशवीत घेऊनच आला होता, तिळगुळाच्या डब्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून. एक लाख ऐंशी हजार रुपये.